पुसणार कोण?

व्हिक्टोरियन दिवाणखान्याचं सगळं शास्त्र दोन आज्ञांत मावतं. उघडं दिसलं की झाका आणि मोकळं दिसलं की भरा. टेबल आहे ना, मग त्यावर जमिनीला लोळेल असं मखमली कापड घाला. कापड उघडं पडलंय, त्यावर लेसचा रुमाल. रुमालावर फोटोंचा अल्बम, अल्बमशेजारी काचेची घुमटी, घुमटीत मेणाची फळं. मेणाचीच, कारण खरी फळं पाहुणे खातात आणि जागा पुन्हा मोकळी होते.

शेकोटीवरच्या फळीला झालर हवीच. फळीवर मधोमध घड्याळ, दोन्ही अंगांना फुलदाण्या, त्यांच्या पलीकडे चिनी मातीची कुत्री, तीही जोडीने. खिडकीला आधी लेसचा पडदा, मग मलमलीचा, मग घागऱ्याएवढ्या घेराचा मखमली, त्याला गोंडे आणि गोंडे अडकवायला पितळी फुलं. एवढ्या पडद्यांची दोन कारणं सांगत. एक, बाहेरची कोळशाची काजळी आत येऊ नये. दुसरं, उन्हाने गालिचा विटू नये. पहिलं पटतं. दुसरं मात्र लंडनच्या उन्हाबद्दल आहे.

पियानोच्या पायांनाही हे लोक विजारी घालत, असं आपण ऐकत आलो. ती थाप आहे. कॅप्टन मॅरियट नावाच्या इंग्रज लेखकाने १८३९ मध्ये अमेरिकेच्या प्रवासाबद्दल लिहिताना तिथल्या एका मुलींच्या शाळेतला असा सोवळा पियानो वर्णिला आणि इंग्रज अमेरिकनांना मनसोक्त हसले. पुढे शतक बदलल्यावर तेच हसू फिरून त्यांच्या अंगावर आलं. पियानोपुरतं आपण त्यांना निर्दोष सोडू. खुर्चीच्या बाबतीत सोडता येणार नाही. पुरुष डोक्याला मॅकॅसर तेल चोपडत, ते खुर्चीच्या पाठीला लागे, म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर क्रोशाचा एक तुकडा पांघरलेला असे. तेल कमी लावावं, असं कुणालाही सुचलं नाही.

रात्री गॅसचे दिवे लागत. त्यांच्या धुराने छत काळवंडे आणि कुंडीतली झाडं मरत. अ‍ॅस्पिडिस्ट्रा नावाचं रुंद, गडद पानांचं एक झाड मात्र अंधार, धूर, दुर्लक्ष सगळं सोसून जगे. म्हणून ते घराघरात होतं. लोक त्याला शोभेचं झाड म्हणत. खरं तर त्या खोलीत राहण्याची पात्रता त्या एकट्याचीच होती.

हे सगळं एवढं आलं कुठून? व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर बसली तेव्हा वॉलपेपरवरचा कर नुकताच, म्हणजे १८३६ मध्ये, उठला होता. मग १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला, १८५१ मध्ये खिडक्यांवरचा. वॉलपेपर यंत्रावर छापला जाऊ लागला. आजोबांच्या काळी जे फक्त सरदाराच्या घरी होतं, ते आता कारकुनाच्या पगारात बसू लागलं. आणि जे परवडतं ते घ्यायचंच असतं, हा शोध मध्यमवर्गाला त्याच सुमारास लागला. तो अजून कुणी मागे घेतलेला नाही.

त्यात १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात ते प्रसिद्ध प्रदर्शन भरलं. जोसेफ पॅक्सटनने काच आणि लोखंडाचा महाल उभारला, आत एक लाखाहून जास्त वस्तू मांडल्या गेल्या आणि साडेपाच महिन्यांत सुमारे साठ लाख लोक त्या बघून गेले. ऐंशी पात्यांचा चाकू होता. ठरल्या वेळी झोपलेल्या माणसाला लोटून देणारा पलंग होता. जर्मनीहून आलेली, पेंढा भरलेली मांजराची पिल्लं माणसांसारखी बसून चहा घेत होती, आणि राणीसाहेबांना ती फार आवडली. भारताच्या दालनात एक झगमगती अंबारी होती. अंबारी आली, पण हत्ती आला नव्हता. मग एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन गावच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती उसना आणला. तो निघाला आफ्रिकन. साठ लाखांतल्या बहुतेकांनी भारतीय वैभव म्हणून त्याचेच सुपाएवढे कान पाहिले.

सतरा वर्षांचा विल्यम मॉरिस नावाचा मुलगा घरच्यांबरोबर तिथे गेला आणि दाराशीच अडून बसला, आत यायला तयार होईना, असं सांगतात. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ. बाकीचे साठ लाख आत गेले, आणि घरी परतले ते आपल्या खोलीत अजून काय काय मावेल याचा अंदाज बांधतच.

आता गंमत अशी की या पसाऱ्याला सगळ्यात आधी नाक मुरडलं ते प्रदर्शन भरवणाऱ्या माणसानेच. हेन्री कोल हा सरकारी अधिकारी. त्याने पुढच्याच वर्षी मार्लबरो हाउसमध्ये एक संग्रहालय उघडलं आणि त्यात एका दालनात फक्त वाईट अभिरुचीचे नमुने टांगले, लोकांना शहाणं करायला. लोकांनी त्या दालनाला भयदालन असं नाव ठेवलं आणि तिथेच गर्दी केली. करकोच्याच्या आकाराची कात्री होती, फुलातून ज्योत निघेल असा गॅसचा दिवा होता. एका वॉलपेपरवर अख्खं रेल्वे स्टेशन होतं, भिंतभर एकाखाली एक, पुन्हा पुन्हा. कोलचा आक्षेप, याने दृश्याच्या खोलीचे नियम मोडतात, असा होता. दादरला रोज गाडी बदलणाऱ्या माणसाचा आक्षेप वेगळा असेल, पण तोही मान्य व्हावा.

कारखानदारांनी आरडाओरडा केल्यावर ते दालन बंद करावं लागलं. दरम्यान डिकन्सच्या साप्ताहिकात हेन्री मॉर्लीने एक खुसखुशीत गोष्ट लिहिली होती. क्रम्पेट नावाचे एक साधे गृहस्थ हे दालन बघून घरी येतात आणि त्यांना आपलंच घर खायला उठतं. पडदे चुकलेले, गालिचा चुकलेला, स्वतःची विजार चुकलेली. शेवटी चहाचा कप रिकामा होतो, तळाशी रंगवलेलं फुलपाखरू दिसतं आणि ते किंचाळतात. गालिच्यावर फुलं असावीत की नसावीत, यावरून डिकन्सने पुढे ‘हार्ड टाइम्स’मध्ये कोलसारख्या साहेबांची चांगलीच खिल्ली उडवली. माझं मत विचाराल तर मी डिकन्सच्या बाजूचा आहे. माणसाला गालिच्यावर फुलं आवडतात, आणि ती तुडवली जातील याचं त्याला मुळीच दुःख होत नाही.

पण भिंतीवरची फुलपानं हा निराळा विषय आहे, कारण ती हिरवी होती. स्वीडनच्या शीलेने १७७५ मध्ये एक झळाळता हिरवा रंग बनवला होता, त्याच्यामागोमाग त्याहून झळाळता दुसरा आला, आणि दोन्हींत आर्सेनिक होतं. म्हणजे सोमल. उंदीर मारायला आणायचा आणि कुलपात ठेवायचा तोच सोमल लोक निजायच्या खोलीला चारी भिंतींनी चिकटवत. लंडनच्या लाइमहाउस भागात १८६२ मध्ये एका घरातली मुलं गेली आणि संशय हिरव्या कागदावर आला. अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टर केड्झींनी १८७४ मध्ये अशा कागदांचे खरे नमुने बांधून एक पुस्तकच काढलं, शंभर प्रती, आणि त्या ग्रंथालयांना पाठवल्या. पुस्तकाने विषाचा धोका समजावला आणि पान उलटणाऱ्याला सोबत थोडं विषही दिलं. बहुतेक प्रती पुढे ग्रंथपालांनीच नष्ट केल्या.

आणि आता दाराशी अडून बसलेला तो मुलगा. मॉरिस मोठा होऊन वॉलपेपरचा सम्राट झाला. आज ज्याला ज्याला व्हिक्टोरियन घर करायचं असतं तो पहिल्यांदा मॉरिसची वेलबुट्टी मागवतो: हाताचं काम, निसर्गाची ओढ, यंत्राचा तिटकारा. त्याच्या सुरुवातीच्या ‘ट्रेलिस’ या कागदाचा नमुना २००३ मध्ये तपासला, तर हिरव्यात आर्सेनिक सापडलं. त्यात नवल नाही, सगळेच वापरत होते. नवल असं की डेव्हनमधल्या ज्या खाणीतून आर्सेनिकचे ढीग निघत, तिच्यात मॉरिस घराण्याचे शेअर होते आणि हा स्वतः काही वर्षं तिचा संचालक होता. ग्राहकांनी कुरकुर केली तेव्हा त्याने, हे सगळं डॉक्टरांनी उठवलेलं खूळ आहे, अशा अर्थाचं पत्र लिहिलं. हाताचं काम, निसर्गाची ओढ आणि खाणीचा लाभांश.

जे हिरवं नव्हतं ते बहुधा खोटं होतं. देवदाराचं दार रंगाऱ्याकडून कंगव्याने रेघा ओढून ओक करून घ्यायचं. लोखंडाची शेकोटी रंगवून संगमरवर करायची. कागदाच्या लगद्याची खुर्ची काळ्या रोगणाने चिनी करायची. फ्रेडरिक वॉल्टनने १८७७ मध्ये लिंक्रस्टा काढला, म्हणजे जवसाच्या तेलातून बनवलेलं भिंतीचं नक्षीदार आवरण, ते कोरीव लाकूड म्हणून खपे. या बाबतीत मला लंडनच्या स्टॅफर्ड टेरेसवर राहणारे लिन्ली सॅम्बोर्न फार जवळचे वाटतात. ‘पंच’चे व्यंगचित्रकार, हौस उमरावाची आणि कमाई व्यंगचित्रकाराची. त्यांचं घर अजून तसंच जपून ठेवलंय, भिंतीचा तसू दिसणार नाही इतक्या तसबिरींनी भरलेलं. दिवाणखान्यात त्यांना चामड्यासारखा दिसणारा महाग कागद लावायचा होता. त्यांनी तो लावला, पण जिथे दिसतो तिथेच. तसबिरींच्या मागे जुना कागद तसाच राहिला. आणि तो जुना कागद मॉरिसचा होता! फ्रेम उतरवून बघणारा पाहुणा आपल्याकडे येत नाही, एवढा माणसांवरचा विश्वास आज दुर्मीळ झालाय.

हल्ली ही शैली परत आली आहे. बाणेरला राहणाऱ्या एका ओळखीच्या जोडप्याने नव्या फ्लॅटला ‘व्हिक्टोरियन टच’ दिला. व्हिक्टोरियन छत बारा फुटांवर असे, यांचं नऊ, त्यातून सहा इंच प्लास्टरच्या नक्षीने खाल्ले, त्याखाली झुंबर. उंच पाहुण्यांना घरधनी नम्रपणे वाकायला सांगतात. भिंतीत विजेची शेकोटी आहे. तिच्यात ज्वाळांचा नुसता उजेड पडतो, आणि मे महिन्यात तो बघवावा म्हणून एसी अठरावर ठेवावा लागतो. न्हाणीघरात सिंहाच्या पंजांवर उभा असलेला टब आला, त्याच महिन्यात सोसायटीने टँकरचं पाणी सुरू केलं. सध्या टबात इस्त्रीचे कपडे असतात.

सगळे फोटो काढून झाल्यावर कामाच्या मावशी आल्या. त्यांनी कोरीव सोफ्याभोवती एक चक्कर मारली, द्राक्षाच्या घोसांवरून, सिंहाच्या तोंडांवरून, वेलीच्या पानांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "वहिनी, हे पुसणार कोण?"

"मावशी, तुम्हीच की."

"मग हजार वाढवा. आणि हा टिवल्या-बावल्यांचा पसारा आठवड्यातून एकदा. रोज नाही जमायचं."

सबंध व्हिक्टोरियन शैलीवर इतकी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही. कारण ती शैली लाकडावर, मखमलीवर किंवा मॉरिसवर उभी नव्हतीच. ती पहाटे उठणाऱ्या पोरींवर उभी होती. त्या काळच्या ब्रिटनमध्ये घरकामाला दहा लाखांहून जास्त नोकर होते, बहुतेक बायका, कित्येक तेरा-चौदा वर्षांच्या. मालक उठायच्या आत शेकोटीची राख काढायची, जाळी काळ्या शिशाने घासून चमकवायची, कोळशाच्या बादल्या जिने चढून न्यायच्या, मग गालिच्यावर ओली चहापत्ती भुरभुरून तिच्यासकट धूळ झाडायची. मग एकेक शोभेची वस्तू उचलायची, पुसायची आणि होती तिथेच ठेवायची. मिसेस बीटन यांचं गृहव्यवस्थेचं पुस्तक १८६१ मध्ये निघालं, हजारावर पानांचं, आणि सगळ्या इंग्लंडला पोक्त आजीबाईंनी लिहिल्यासारखं वाटलं. बाई तेव्हा पंचविशीच्या होत्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. त्या पुस्तकात कोणत्या दासीने कधी काय पुसायचं ते सगळं आहे. हजार कधी वाढवायचे, ते मला सापडलं नाही.

वस्तू होती तिथेच परत ठेवण्याच्या बाबतीत खुद्द राणीसाहेबांचा हात कुणी धरला नसता. पती अल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरात गेले. त्यांची खोली तशीच राहिली; रोज संध्याकाळी कपडे काढून ठेवले जात, दाढीचं गरम पाणी आणलं जाई. हे जवळपास चाळीस वर्षं चाललं. राजवाड्यातलं काहीही टाकायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. प्रत्येक वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढून अल्बमांत लावले जात आणि ती कुठल्या खोलीत कुठे असते याची नोंद होई. ऑस्बोर्न हाउसमध्ये लेकरांच्या तान्हेपणीचे हात आणि पाय संगमरवरात घडवून, उशीवर मांडून ठेवले होते. नुसते हात. नुसते पाय. सामान्य प्रजा आपल्या ऐपतीने मृतांचे केस विणून त्यांची फुलं करून काचेआड लावी. बालमोरलच्या राजवाड्यात गालिचा चौकड्यांचा, पडदे चौकड्यांचे. पंतप्रधान झालेल्या लॉर्ड रोझबेरींना ऑस्बोर्नचा दिवाणखाना जगातला सर्वांत कुरूप वाटे, पण बालमोरलचा पाहिल्यावर त्यांनी मत बदललं म्हणतात.

आणि याच ऑस्बोर्नला, १८९० नंतर, राणीने नवा भोजनमहाल सजवायला घेतला तेव्हा तिला व्हिक्टोरियन टच नको होता. तिला आपला, भारतीय हवा होता. आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि मग लाहोरला शिकवणारे लॉकवुड किपलिंग, आणि त्यांचे शिष्य भाई रामसिंग, यांनी तो दरबार हॉल रचला: पांढरीशुभ्र जाळीदार नक्षी, शेकोटीवर पिसारा फुलवलेला मोर. नुसत्या मोराला पाचशे तास लागले. पुष्कळशी नक्षी मात्र प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याची. म्हणजे बाणेरचं छत आणि राणीचं छत, दोन्ही एकाच परंपरेतली. फक्त दोघांनी एकमेकांची उलट दिशेने नक्कल केली.

आपण मात्र ही नक्कल आर्किटेक्टशिवाय फार आधी करून चुकलो होतो. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं तेव्हा त्याचं नावच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. तिथल्या फरशा इंग्लंडच्या मिंटन कारखान्यातल्या. ते राहू दे. आपल्या मावशी-आत्यांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीकडे बघा. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, पुढे टीव्हीवर तोच, खुर्च्यांच्या पाठीला तसलेच चौकोन, डोक्याला खोबरेल. काचेचं शोकेस, त्यात कधीही चहा न प्यालेले कपबशीचे संच. कशिद्याचं ‘वेलकम’ फ्रेममध्ये. आणि भिंतीवरच्या तसबिरी वरून दोरीने पुढे कललेल्या, हुबेहूब लंडनसारख्या. लंडनमध्ये त्या मागच्या जागेत काय होतं ठाऊक नाही. आपल्याकडे चिमण्या असत, आणि पूर्वजांच्या फोटोमागून त्या जे बोलत ते पूर्वजांपेक्षा ऐकण्यासारखं होतं.

राणी २२ जानेवारी १९०१ ला वारली. नव्या राजाने कपाटं उपसायला घेतली, आणि त्याच वर्षी ऑगस्टात ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. चौसष्ट वर्षं घरं धूळ साठवत राहिली आणि यंत्र आलं ते राणी गेल्यावर. ते यंत्र म्हणजे घोड्यांनी ओढायचा लाल गाडाच होता. तो रस्त्यात उभा राही, लांबलचक नळ्या खिडकीतून आत जात, इंजिन एवढं धडधडे की येणारे-जाणारे घोडे बुजत. बूथने नळीचा काही भाग पारदर्शक ठेवला होता. उच्चभ्रू बायका मैत्रिणींना चहाला बोलावू लागल्या, कशासाठी, तर आपल्या गालिच्यातून किती धूळ निघते ते बघायला. ज्या धुळीची आजवर लाज होती तिचाही आता पाहुण्यांपुढे मांडण्याजोगा ऐवज झाला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे गालिचे बूथनेच साफ केले.

पण त्याचं सर्वांत मोठं काम पहिल्या महायुद्धात आलं. प्रदर्शनाचा तो काचमहाल तेव्हा लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमला हलवलेला होता आणि तिथे नौदलाची माणसं उतरवली होती. त्यांच्यात तापाची साथ पसरली, संशय धुळीवर आला, बूथची पंधरा यंत्रं आली आणि धूळ गाड्या भरभरून बाहेर निघाली. त्या महालात पडदा नव्हता, झालर नव्हती, भिंतीला कागद नव्हता. नुसती काच आणि लोखंड. तरी पन्नास-साठ वर्षांत एवढी साठली, कारण तिथेही हजार कुणी वाढवले नव्हते.